नऊचे सतरा

"तुम्ही हसताय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मला कळलं की मी हसते आहे. माझ्या तपासणीचा कागद त्यांच्या हातात होता, चष्मा नाकावर घसरलेला, आणि त्या वरून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "नाही, म्हणजे, सतरा आलेत ना. मागच्या वर्षी नऊच होते." "हो," त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय." मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर तळवा ठेवला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की हा आकडा वाढायला नको होता. यकृत किती घट्ट झालंय ते तो सांगतो. निरोगी यकृत मऊ असतं, आकडा पाचच्या आसपास. नऊ म्हणजे घट्ट व्हायला लागलेलं. आणि सतरा म्हणजे, त्या क्षणभर थांबल्या आणि एक शब्द म्हणाल्या, जो मी आजवर फक्त दारू पिऊन गेलेल्या माणसांबद्दल ऐकला होता. सिरॉसिस. मी अजूनही हसतच होते. पाहुणे निघून गेल्यावर बाहेरच्या खोलीतला दिवा कुणी मालवायचा राहून जावा, तसं ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं आणि ते काढायचं कसं हे मला सुचत नव्हतं.

हसू का आलं ते सांगायचं तर माझं काम सांगावं लागेल. मी काँक्रीट तपासते. बांधकामावरून काँक्रीटचे ठोकळे आमच्या प्रयोगशाळेत येतात, त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. ते पाण्याच्या टाकीत मुरत ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी यंत्राखाली घालून फुटेपर्यंत दाबायचे. फुटताना जो आकडा येईल तो जितका मोठा तितकी इमारत भक्कम. आणि जिथे इमारत उभीच आहे, आता ठोकळा कुठून आणणार, तिथे आम्ही हॅमर घेऊन जातो. नाव हॅमर, पण दिसायला जाडजूड पेन. भिंतीला काटकोनात टेकवायचा, रेटायचा, आतली स्प्रिंग सुटते, ठोका बसतो, आणि भिंतीनं तो ठोका किती जोरात परत केला ते पट्टीवर दिसतं. एका जागी दहाबारा ठोके घ्यायचे, एखादा वेडावाकडा असला तर सोडून द्यायचा, बाकीच्यांवरून हिशेब करायचा. मऊ भिंत ठोका गिळते, आकडा लहान येतो. घट्ट भिंत ठोका तोंडावर फेकते, आकडा मोठा येतो. माझ्या हातांना, कानांना, बहुधा हाडांनाही हेच ठाऊक, की मोठा आकडा आला की निवांत घरी जायचं आणि लहान आला की कुणाची तरी झोप उडणार. लहान आकड्यावर धट्टेकट्टे बिल्डर माझ्यासमोर रडलेत. मोठ्या आकड्यावर रडायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

सोमवारी ती तपासणी झाली तेव्हा मला उलट घरी आल्यासारखं वाटलं होतं. अंधुक उजेडाची खोली, खिडकीला हिरवा पडदा, उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे. बरगडीवर गार काहीतरी चोपडलं. "हलू नका हं काकू," मशीनवाली मुलगी म्हणाली, "टिचकी मारल्यासारखं होईल नुसतं." आणि टक्. मी लगेच ओळखलं. हा तर आपला हॅमर. टक्. टक्. दोन बरगड्यांच्या फटीतून कुणीतरी आत ठोका पाठवत होतं आणि मी तो परत करत होते, आणि मुलगी पडद्यावर बघत एकेक आकडा घेत होती, मी घेते तशीच, एखादा सोडून देत. मला झोप यायला लागली. हल्ली ती कुठेही येते. डोळे मिटले तर मी परांचीच्या एका उंच फळीवर उभी होते, फार वर्षांपूर्वी, माणसं राहत असलेल्या एका जुन्या इमारतीची बाहेरची भिंत तपासत. ठोक्यामागून ठोके देत होते, आणि एकदम आतून कुणीतरी उलट ठोकलं. टक्. मी थांबले. मी पुन्हा ठोका दिला, आतून पुन्हा आला. आत कोण होतं, मूल होतं की म्हातारं माणूस, की कंटाळलेली एखादी बाई, मला कधीच कळलं नाही. खाली साहेब उभे होते, ते ओरडले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, भिंत बोलतेय." सोमवारी त्या पलंगावर पडल्यापडल्या मला वाटलं, आता मीही आतून एखादा ठोका द्यावा. मग मुलगी म्हणाली, "झालं. सतरा. शुक्रवारी मॅडम समजावतील तुम्हाला." आणि मला समजून घ्यायचं काही उरलंय असं वाटलंच नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात नऊ आले होते, तिथले डॉक्टर घाईत होते, "ठीक आहे, गोळ्या चालू ठेवा, पुढच्या वर्षी परत करू" एवढंच म्हणाले होते. मी मनाशी म्हटलं होतं, सातव्याच दिवशी फोडलेल्या क्यूबसारखं आहे, आकडा कमीच येणार, अजून मुरायचंय. आता वर्षभर मुरलं. नऊचे सतरा झाले. मी रस्त्यानं चालत घरी गेले, दारातूनच ओरडले, "पास!" आणि माझी बहीण हातातलं टाकून धावत आली.

तिला मी बारकी म्हणते. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि आता उंचीनं, रुंदीनं आणि आवाजानं माझ्याहून मोठी. माझा नवरा गेला आणि त्याच्यामागून मीही जाणार अशी चिन्हं दिसायला लागली, तेव्हा ती पंधरा दिवसांसाठी म्हणून एक बॅग घेऊन आली. त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हाच रक्तात दोन पाहुणे सापडले होते. एकाचं नाव सगळ्या जगाला माहीत, एचआयव्ही, ज्याचं नाव ऐकून माझ्या नवऱ्याच्या घरच्यांनी त्याच्या मयताला आल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही. आणि दुसरा हिपॅटायटिस बी, त्याच वाटेनं आलेला, त्याची कुणी दखलही घेतली नाही. आम्ही बहिणींनी त्यांना नावं दिली, थोरला आणि धाकटा. नावं दिली की माणूस कमी घाबरतं, असं बारकीचं म्हणणं. धाकट्यासाठी लस असते असं कळल्यावर ती तीनही वेळा जाऊन टोचून आली आणि दंड चोळत म्हणाली, "झालं. आता तू मला चावलीस तरी चालेल." थोरल्याचं मात्र आम्ही फार केलं. गोळी चुकवायची नाही, वेळ चुकवायची नाही, दर सहा महिन्यांनी त्याचा रिपोर्ट आला की बारकी विचारायची, "थोरला झोपलाय ना?" आणि मी म्हणायचे, "घोरतोय." तो खरंच झोपला होता. इतका, की रक्तात मोजायला गेलं तर सापडेना. आम्ही दाराबाहेर पावलं न वाजवता वावरत होतो. धाकटा सगळा वेळ माजघरात बसून होता, ते कुणी पाहिलं नाही. गोळी तर त्याच्यावरही चालते म्हणे, तीच गोळी. पण तो माझ्या नवऱ्याकडून येऊन आतच बसला होता कितीतरी आधीपासून, आणि दोघं एका घरात असले की यकृताचं वय झपाट्यानं वाढतं, असं आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. एकटा धाकटा असता तर जे तीस वर्षांत झालं असतं ते दोघं मिळून लवकर उरकतात. थोरला झोपला तरी त्यानं जागेपणी जे करून ठेवलं ते राहतंच.

हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत होते. त्या म्हणाल्या, लगेच काही होत नाहीये, अजून यकृत आपलं काम करतंय. अन्ननलिकेत नळी घालून शिरा फुगल्यात का ते बघायचं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण अशा यकृतात गाठ होऊ शकते, आणि लवकर सापडली तर काढता येते. मीठ कमी. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. काही माणसं याच पायरीवर वर्षानुवर्षं राहतात, गोळ्या नीट चालू राहिल्या तर काहींचं यकृत पुन्हा थोडं मऊसुद्धा होतं. "तुम्ही त्यांतल्या कोण, ते आज मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि या एका वाक्यासाठी मला त्या आवडल्या. मग म्हणाल्या, "आता नीट ऐका. उलटीत रक्त दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, दिवसा झोप आणि रात्री जाग असं सुरू झालं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर वाट बघायची नाही. लगेच यायचं. हे शेवटचं तुम्हाला स्वतःला कळणार नाही. यकृताला रक्त साफ करता आलं नाही की ते डोक्यात चढतं, आणि गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नसतं. कुणीतरी दुसऱ्यानंच ओळखावं लागतं. घरी कोण असतं?" मी म्हटलं, "बहीण असते." त्या म्हणाल्या, "छान," आणि लिहून घेतलं.

परवा रविवार. रविवारी बारकी जाणार आहे. तिचा एक माणूस आहे, त्याला आम्ही गाडीवाला म्हणतो. गाडी चालवायला शिकवतो. बारकी त्याच्याकडे शिकायला गेली, तीनदा नापास झाली, आणि चौथ्या खेपेला मला संशय आला की ही मुद्दाम नापास होतेय. दोन वर्षांपूर्वी तो दुसऱ्या गावी गेला, स्वतःची शाळा काढली, हिला म्हणाला, ये. ही म्हणाली, ताईचं जरा बघू. मग दर सुटीत तो यायचा, आमच्या टेबलाशी बसून चहा प्यायचा, पाय हलवायचा, आणि दोघं माझ्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करायचे. मागच्या महिन्यात ठरलं होतं, की या तपासणीचा निकाल चांगला आला तर ती जाईल, नाही तर नाही. हे ठरलं माझ्या पाठीमागे, पण आमचं घर इतकं लहान आहे की पाठीमागेसुद्धा समोरच असतं. म्हणून मी "पास!" म्हणून ओरडले होते. म्हणून बारकी मला मिठी मारून गोल फिरली, मग एकदम गप्प झाली, मग आतल्या खोलीत जाऊन दार लावून तिनं फोन केला, आणि दाराआडून मला तिचं हसणं ऐकू आलं, जे मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या हसण्याचा पाया म्हणजे माझे सतरा. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारती पास-नापास केल्या आणि घरातली एक आकडा उलटा वाचून पास करून बसले.

दवाखान्यातून बाहेर पडले तर ऊन होतं, सरळ, कोरडं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काचेला कपाळ टेकलं की बसची थरथर दातांत उतरते, आणि मग विचार एका जागी थांबत नाहीत. मला वाटत होतं, ही जी मी अशी तरंगतेय, हे कधीपासून? बारकी म्हणते मी लहानपणापासूनच अर्धी हरवलेली, मला दुकानात पाठवलं की मी दुकानाबाहेरच्या मांजराशी बोलून परत यायचे. पण हे तेच का? की आता ते रक्त डोक्यात चढायला लागलंय? आपलं आपल्याला कळत नाही म्हणतात, मग आता मला जे कळतंय ते कोण कळून घेतंय? मी मनातल्या मनात आठवड्याचे वार उलटे म्हणून पाहिले. जमले. मग वाटलं, जमले असं मलाच वाटतंय. बाहेर एक बाई खिडकीतून चादर झटकत होती, पांढरी, मोठी, आणि ती चादर फार हळू खाली येत होती, आणि त्या चादरीत माझा नवरा होता. म्हणजे तो झोपायचा तसा, एका कुशीवर, गुडघे पोटाशी. विमा विकायचा तो. लोकांना मरणाबद्दल इतकं गोड बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, एकदा मरून बघायला काय हरकत आहे. स्वतःचा विमा मात्र काढला नव्हता. त्याला माहीत होतं का, हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारलाय की तो झिजून गुळगुळीत झालाय. मला त्याचा राग आहे. तो गेल्यावर जितका होता तितकाच आज आहे, आणि तरी त्या चादरीत तो दिसला तेव्हा आधी मनात आलं ते हेच, की याला थंडी वाजेल. माझ्या आत दोघेजण त्यानं ठेवले आणि तो निघून गेला, आणि मी त्यांना गोळ्या चारत, नावं देत, त्यांच्या झोपेची काळजी करत बसले. बस थांबली तेव्हा माझा थांबा एक मागे राहिला होता. हे हल्लीचं की नेहमीचं, ते पुन्हा कळलं नाही.

प्रयोगशाळेत गेले तर त्या दिवसाचे क्यूब काढून, पुसून, ओळीनं ठेवलेले. साहेब म्हणाले, "काय म्हणाला दवाखाना?" त्यांना माझं पित्त माहीत आहे, बाकी काही नाही. मी म्हटलं, "पित्तच." "जागरण करू नका," ते म्हणाले. ते सगळ्यांना, सगळ्या आजारांवर हेच सांगतात. मी पहिला ठोकळा यंत्राखाली ठेवला, तळवा त्याच्या गार, किंचित ओलसर अंगावरून फिरवला आणि कळ दाबली. आकडा चढायला लागला. मी इतक्या वर्षांत त्या चढणाऱ्या आकड्याकडे कधी घाबरून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. चढू नकोस, असं मी त्याला मनात म्हणत होते, आणि तो चढत होता, कारण ठोकळा उत्तम होता. मग तो बारीक आवाज, कडेला एक भेग, दोन, आणि फटकन फुटला. फुटलेल्या पोटात खडी दिसते, राखाडी, करडी, एखादा लालसर दगड. मी तिथे हात ठेवून उभी राहिले. काँक्रीट एकदा घट्ट झालं की परत मऊ होत नाही. आमच्या जगात तसा काही मार्गच नाही. तोडायचं नाही तर तसंच राहू द्यायचं. पण बरगडीखाली, उजव्या बाजूला, जिथे मी कधी हातसुद्धा ठेवला नव्हता, तिथे जे आहे ते कदाचित मागे फिरू शकतं, असं एक बाई आज मला म्हणाली होती. मी कपड्यावरून तिथे हात ठेवला. काही लागत नाही. इतकं काही होऊन हाताला काहीच लागत नाही याचंच मला नवल वाटत राहिलं. "दुखतंय का?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, बघतेय."

आणि तिथेच, त्या फुटक्या ठोकळ्यांपाशी, मी ठरवून टाकलं की बारकीला सांगायचं नाही. ठरवल्यावर मला फार हलकं वाटलं, आणि थोडं उंचही. आपण किती मोठ्या मनाच्या, असं वाटण्यात एक गुंगी असते. मी पुढचं सगळं बघूनही टाकलं. रविवारी ती जाईल, मी हात हलवीन. नळी घालायला एकटी जाईन. सोनोग्राफीला एकटी जाईन. फोनवर म्हणेन, मजेत आहे. मग एके दिवशी दुपारी झोपेन आणि संध्याकाळी उठून वार उलटे म्हणायला लागेन, आणि ते चुकतील, आणि ते चुकले हे सांगायला घरात कुणी नसेल. इथवर आले आणि उंचीवरून खाली बघितल्यावर होतं तसं झालं. मला भीती वाटली. साधी, लहान पोराला वाटते तशी. मी पटकन दुसरा ठोकळा उचलला.

संध्याकाळी घरी आले तर बारकी स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसली होती, भोवती भांडी, आणि समोर तोंड वासलेली मोठी पिशवी. केस वर बांधलेले, नाकाला काळं लागलेलं, तोंडानं गाणं. "हे पातेलं माझं की तुझं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आपलं." "आपलं असं पातेलं नसतं, ताई. शेवटी कुणी तरी एकच नेणार." "ने मग." "बुडाला पोचा आलाय." "मग ठेव." "तुला एवढं मोठं कशाला?" मी खुर्चीवर बसले. ती म्हणाली की गाडीवाल्यानं शाळेच्या पाटीवर हिचंही नाव घालून घेतलंय, शिक्षिका म्हणून, आणि हिला अजून गाडी मागे घेता येत नाही. "आणि हो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? शाबासकी दिली की नाही?" मी वाक्य तयार ठेवलं होतं. "मीठ कमी करा म्हणाल्या." "बस्स?" "बस्स." तिनं पातेलं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला एक सांगू? रागावू नकोस. सोमवारी तू सतरा म्हणालीस ना, तेव्हा पहिल्यांदा मला वाईट वाटलं. म्हणजे आनंद नंतर झाला. आधी वाटलं, घ्या, हिला आता आपली काही गरज नाही." आणि ती हसली, नाकाला आणखी काळं लावून घेत. माझ्या मोठ्या मनाचं काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "तो आकडा वाढायला नको होता."

मग मी सगळं सांगितलं. मऊ असतं ते चांगलं, पाच, नऊ, सतरा, तो शब्द, नळी, सोनोग्राफी, धाकट्यानं इतकी वर्षं आत बसून काय केलं, आणि ते डोक्यात चढण्याचं. ती पातेलं मांडीवर धरून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे तू स्वतःला भिंत समजलीस." मी म्हटलं, "हो." "आणि सगळीकडे सांगत सुटलीस की माझी भिंत पक्की." "हो." तिच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला, मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि मग मलाही हसू फुटलं, आणि आम्ही दोघी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पाणी आलं आणि ते थांबलं नाही. मग ती उठली, फोन कुठे आहे बघायला लागली. "मी कळवते त्याला." "काय कळवणार?" "येत नाही म्हणून." मी म्हटलं, "काही कळवू नकोस. तू जा. मला काही होत नाही. सगळं मी बघीन."

ती थांबली. तिचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "हे किती वर्षं म्हणतेयस तू?" ती म्हणाली. "मी बॅग घेऊन दारात आले त्या दिवशी काय म्हणालीस, आठवतंय? कशाला आलीस, मी बघीन. उभं राहता येत नव्हतं तुला. मग दरवर्षी. जा बारके, मी बघीन. मी इथे अकरा वर्षं न बोलावलेल्या पाहुणीसारखी राहिलेय, ताई. एकदा तरी थांब म्हणायचंस!" मी म्हटलं, "म्हटलं असतं तर तुझा पाय अडकला असता." "अडकलेलाच होता! पण कुणासाठी तरी अडकलाय हे कळलं असतं मला." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मला म्हणायचं होतं की तसं नाही, की मला रोज भीती वाटायची, ती बाजारात गेली तरी दाराकडे कान लागायचा, की थोरला झोपला त्याचं मला काहीच नव्हतं, ती विचारायची त्याचंच होतं. यातलं एकही वाक्य सरळ बाहेर येईना. आणि मग जे आलं ते मलाही ऐकू आलं तेव्हाच कळलं. "जाऊ नकोस," मी म्हणाले.

बारकी माझ्या पायाशी येऊन बसली, माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायची तशी भोकाड पसरून रडली. मी तिच्या केसांत हात घातला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ती शांत झाली, मनगटानं नाक पुसलं, आणि उठून पोचा आलेलं पातेलं पिशवीत घातलं. "मी जाणार आहे," ती म्हणाली. "थांबले तर मी तुझ्या मरणाची वाट बघत बसेन, ताई. इतकी वर्षं थोडंफार तेच केलंय, खोटं कशाला बोलू. तू सकाळी उशिरा उठलीस की मी दाराशी उभी राहून श्वास ऐकायचे. मला आता ते नाही करायचं. मला जायचंय. आणि तुझं ते 'जाऊ नकोस' ऐकल्यावर आता जाता येईल." मला लागलं ते. खोल लागलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशी बोलत नाहीये. ती डबे रचत होती, एकात एक, भराभर. "नळी घालायची तारीख घे आणि मला सांग, मी येईन. सोनोग्राफीलाही येईन. आणि ते डोक्याचं काय म्हणालीस? आपलं आपल्याला कळत नाही?" "नाही. दुसऱ्यानं ओळखावं लागतं." "मग तू मला रोज फोन करायचास. रोज संध्याकाळी. आणि हेच म्हणायचंस." "काय?" "आत्ता म्हणालीस ते. जाऊ नकोस. मी तिकडे पोचलेली असले तरी म्हणायचं, रोज, शहाणपणा न करता. ज्या दिवशी 'मी मजेत, तू तुझं बघ' असं म्हणालीस, त्या दिवशी मी समजेन की हिचं डोकं ठिकाणावर नाही, आणि गाडी काढून निघेन. तीन तासांचा तर रस्ता आहे." मी म्हटलं, "तुला गाडी मागे घेता येत नाही." "तुझ्याकडे यायला पुढेच यायचं असतं," ती म्हणाली.

मी डोळे पुसले. भांडी संपत आली होती, फळीवर माझ्यापुरती चारपाच उरली होती, आणि स्वयंपाकघर एकदम मोठं दिसायला लागलं होतं. "रविवारपासून ना?" मी विचारलं. "आजपासून. सवय कर." "आज एकदा म्हटलं की." "ते रडता रडता म्हणालीस, ते धरायचं नाही. नीट म्हण."

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"हं," बारकी म्हणाली, पिशवीची चेन ओढत. "आजचं झालं."